जॉन्सन यांचं ते भाषण
आज दुपारी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचं ३१ मार्च १९६८चं टीव्हीवरचं भाषण पाहिलं. ओढलेला चेहरा, संथ आवाज. जवळपास ४० मिनिटं व्हिएतनाम, बॉम्बफेक, कर वगैरे. आणि अगदी शेवटी, पुन्हा अध्यक्षपदासाठी उभा राहणार नाही! तेवढंच मागे नेऊन दोनदा ऐकलं.

१९६४ला ६१ टक्के मतं घेऊन आलेला माणूस हो! पण १९६८च्या जानेवारीत व्हिएतनाममध्ये टेटचा हल्ला (कम्युनिस्ट फौजांचा मोठा हल्ला) झाला आणि मार्चमध्ये न्यू हॅम्पशर राज्यात, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या युजीन मॅकार्थींनी ४२ टक्के मतं खेचली. (जिंकले जॉन्सनच, पण हादरले.) ऑगस्टमध्ये शिकागोत पक्षाच्या अधिवेशनाबाहेर निदर्शकांवर पोलिसांच्या लाठ्या. एवढं रामायण होऊन निवडून आले विरोधी रिपब्लिकन पक्षाचे निक्सन, आणि व्हिएतनाममधून अमेरिकी सैन्य पूर्ण परतलं थेट १९७३ला.