आमची वाटचाल : पिंपळगाव ते कोलंबो

वडिलांची पिंपळगाव बसवंतला आडत. 2009 च्या मेमध्ये श्रीलंकेतलं युद्ध संपलं आणि त्याच वर्षाअखेर आमचा कांद्याचा पहिला कंटेनर न्हावाशेवाहून कोलंबोला गेला. बराच माल सडका निघाला, कारण कंटेनरची हवेची झडप बंदच राहिली होती. तिकडे मोठ्या कांद्याला 'बॉम्बे अनियन' म्हणतात हे ऐकून वडील म्हणाले, "मुंबईत कुठं पिकतो रे कांदा?"

2013 मध्ये कोलंबो बंदरात चायना मर्चंट्स या चिनी सरकारी कंपनीचं खोल पाण्याचं टर्मिनल सुरू झालं. 85 टक्के हिस्सा त्यांचा, 15 टक्के लंकेच्या बंदर प्राधिकरणाचा, करार 35 वर्षांचा. मालक कोण याच्याशी मला घेणंदेणं नाही. बोट वेळेवर लागली की कांदा वाचतो.

ओळखीचे लोक विचारतात ते मात्र लंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हंबनटोटा बंदराबद्दल. आमचा एकही कंटेनर तिथं गेला नाही. 2018 मध्ये पेट्ट्याच्या, म्हणजे कोलंबोतल्या घाऊक पेठेतल्या, आमच्या व्यापाऱ्याबरोबर मी नुसता बघायला गेलो. रुंद, रिकामे रस्ते आणि त्यावर मोर! बंदर बांधलं तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे यांचा हा जिल्हा. दक्षिणेकडून जाणारा जहाजांचा मोठा मार्ग जवळच आहे, तेव्हा जहाजं वळतील, इंधन भरतील, गावं उभी राहतील असा हिशेब होता. पहिल्या टप्प्यासाठी चीनच्या सरकारी एक्झिम (निर्यात-आयात) बँकेचं 30 कोटी डॉलरहून जास्त कर्ज, व्याज 6.3 टक्के. 2012 मध्ये तिथं 34 जहाजं आली, कोलंबोत 3,667. घरचा कांदा पन्नास क्विंटल आणि कर्ज काढून पाच हजार क्विंटलची कांदाचाळ बांधावी, तशी गत.

2017 मध्ये बंदर 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं चायना मर्चंट्सला गेलं, 112 कोटी डॉलरला. 'कर्जाच्या बदल्यात बंदर' असं आपल्याकडे सर्रास बोलतात, ते बरोबर नाही. तो पैसा परकीय गंगाजळीत गेला, चीनचं कर्ज तसंच राहिलं. शिवाय लंकेच्या परदेशी देण्यात बाजारातून उचललेल्या रोख्यांचा वाटा मोठा होता. चीनला सगळा दोष देणं सोपं पडतं, एवढंच.

झळ आम्हालाही लागली. 2022 मध्ये डॉलर 200 लंकन रुपयांवरून 360 वर गेला, एप्रिलमध्ये सरकारनं परदेशी कर्जफेड थांबवली आणि आमच्या तीन कंटेनरचे पैसे अडकले. व्यापारी खोटा नव्हता. त्याच्या खात्यात रुपये होते, बँकेकडे डॉलर नव्हते. सात महिने मी इथं शेतकऱ्यांना तोंड चुकवत फिरलो. शेवटी बायकोचे दागिने गहाण टाकून पहिली उधारी फेडली. पुढे त्यानं हप्त्याहप्त्यानं सगळे पैसे दिले.

मग डिसेंबर 2023 ची निर्यातबंदी. पेट्ट्याच्या पेठेत पाकिस्तानचा आणि चीनचा कांदा आला. मेमध्ये बंदी उठली, त्याच आठवड्यात आमच्या व्यापाऱ्याचा फोन. चीनचा कांदा दिसायला मोठा, पण फोडणीला उतरत नाही, म्हणाला. सध्या आठवड्याला दोन कंटेनर जातात, झडप मी स्वतः बघतो.