कोलोनची दर्शनबारी

माइंझहून सुटणारी पॅसेंजर ऱ्हाईनच्या काठाकाठानं तीनेक तास रमतगमत जाते आणि कोलोनच्या मेस्से-डॉइट्झ स्टेशनात थांबते. वेगवान गाडीनं बराच वेळ वाचतो. पण यंदा, म्हणजे २०२२ च्या उन्हाळ्यात, जर्मनीनं जून ते ऑगस्ट अशी सोय काढली होती, की महिन्याला ९ युरो भरा आणि देशभर कुठल्याही लोकल-पॅसेंजरनं फिरा. असलं तिकीट खिशात असताना महागाच्या गाडीत बसणं आम्हा मिरजकरांच्या रक्तात नाही. ९ युरोवाले माझ्यासारखे सगळेच निघालेले, त्यामुळं बिंगेनपर्यंत उभीच होते, तोंडाला मास्क. मास्क तेव्हा गाडीत सक्तीचा होता, फलाटावर उतरलं की हनुवटीखाली.

नदीकडं बघवत नव्हतं. ऑगस्टच्या मध्याला कौब गावाजवळ पाण्याची पातळी तीसेक सेंटिमीटरवर आली होती. नंतर पाऊस झाला, पण काठाचे दगड अजून उघडेच होते. कृष्णेच्या काठी वाढलेल्या माणसाला नदी एकतर पुराची माहीत असते, नाहीतर उन्हाळ्यातली. तरी एवढ्या मोठ्या नदीचं पोट दिसलं की कसंसंच होतं.

तर चालले होते गेम्सकॉमला. व्हिडिओ गेमच्या धंद्याची ही जत्रा आधी २००२ ते २००८ लाइपझिगला 'गेम्स कन्व्हेन्शन' या नावानं भरायची. तिथं ती मावेना, तेव्हा २००९ पासून कोलोनला आली आणि नाव बदललं. २०१९ साली ३ लाख ७३ हजार माणसं येऊन गेली. मग कोरोना. २०२० आणि २०२१ ची जत्रा पडद्यावरच झाली, म्हणजे तुम्ही घरी, मी घरी, आणि मध्ये जाहिराती. यंदा २४ ते २८ ऑगस्टला पुन्हा खरीखुरी.

खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. आमची कंपनी छोटी. लोकांचे गेम जर्मनमध्ये आणायचे आणि ते शब्द बटणात मावतात का ते तपासायचं, हे आमचं काम. इंग्रजीतला 'सेव्ह' चार अक्षरांत आटपतो, जर्मनमधला 'श्पाइखर्न' बटणाच्या बाहेर लोंबतो. हे सगळं दोन वर्षं स्वयंपाकघरातल्या टेबलावरून नीट चाललं होतं. मग एका भेटीसाठी कोलोनला कशाला, असं मी साहेबांना विचारलंही. ते म्हणाले, "जाऊन ये, मग सांग." कोलोनच्या हॉटेलांचे त्या आठवड्यातले भाव बघून मी बॉनला मैत्रिणीकडं पथारी टाकली.

मंगळवारी रात्री उद्घाटनाचा कार्यक्रम असतो, जेफ कीली नावाचे गृहस्थ तो सादर करतात. आम्ही तो तिच्या स्वयंपाकघरात पोहे खात फोनवर बघितला. दोन तास नुसत्या झलका. शेवटी पडद्यावर आला 'डेड आयलंड २', तेव्हा मी हसायलाच लागले. हा गेम जाहीर झाला २०१४ साली. त्यानंतर दोनदा तो एका स्टुडिओकडून काढून दुसऱ्याकडं गेला. रखडलेल्या उड्डाणपुलाचं उद्घाटन व्हावं तशा टाळ्या पडल्या.

बुधवार धंदेवाल्यांचा. कोलोनच्या प्रदर्शनाच्या आवारात मोठमोठे हॉल, त्यांतले मागचे दोन-तीन आमच्यासारख्यांसाठी. तिथं ना रोषणाई ना गोंगाट. पांढऱ्या पार्टिशनच्या खोल्या, पाण्याच्या बाटल्या, दर अर्ध्या तासाला नवा माणूस. लग्न जमवायच्या मेळाव्यात असतं तसंच, फक्त पत्रिकेऐवजी लॅपटॉप. दोन वर्षांनी माणसं भेटत होती आणि हस्तांदोलन करावं, मूठ टेकवावी की कोपर पुढं करावं याचा कुणालाच पत्ता नव्हता. एकानं मूठ पुढं केली आणि मी ती हातात धरून हलवली. दोघंही ओशाळलो.

फिनलंडच्या ज्या परीक्षकाशी मी दीड वर्ष दर आठवड्याला व्हिडिओवर बोलत होते, तो पहिल्यांदा समोर आला आणि मला मान वर करूनच बोलावं लागलं. साडेसहा फूट उंच! पडद्यावर सगळे खांद्यापर्यंतच असतात, उंची कळतच नाही. कामाचं बोलून झालं, तरी तो बसूनच राहिला. मग हळूच म्हणाला, तुम्ही पाठवलेल्या यादीतल्या निम्म्या चुका आमच्याकडं कुणी उघडूनही बघत नव्हतं, कारण फाइल चुकीच्या फोल्डरात जात होती. दीड वर्ष! हे त्याला लेखी कळवता आलं नव्हतं, वरिष्ठ वाचतील म्हणून. बॉनला परतताना साहेबांना मेसेज टाकला, "आले ते बरं झालं."

यंदा सोनी नव्हती, निन्टेंडो नव्हती. ज्यांच्याभोवती पूर्वी सगळ्यांत जास्त गर्दी असायची, तेच गैरहजर. आपली घोषणा आपल्याच वाहिनीवर फुकटात होत असेल तर दुसऱ्याच्या मांडवात भाडं कोण भरणार? अमेरिकेतला ई-३ नावाचा गेमचाच मेळा, १९९५ पासूनचा, तो तर यंदा ऑनलाइनही झाला नाही. पुढच्या वर्षी करू म्हणत होते. कोलोन टिकलं यामागचं कारण माझ्या मते साधं आहे. ई-३ मुळात दुकानदार आणि पत्रकारांसाठी होता, सामान्य खेळणाऱ्यांना दार उघडलं ते फार उशिरा. इथं पहिल्यापासून धंदेवाले मागच्या हॉलमध्ये आणि खेळणारी पोरं पुढच्या. मांडववाला नाही आला तरी जत्रेकरू येतात.

ते जत्रेकरू मी शुक्रवारी बघितले. धाकटा भाऊ आखेनहून आला. तिथं तो एम. एस. करतो. दहाला भेटायचं ठरलेलं, त्याची गाडी रखडली आणि स्वारी उगवली साडेअकराला. आत शिरल्यावर पहिलं काम म्हणजे मनगटाला पट्टी बांधून घेणं. जर्मनीत गेमला वयाचा शिक्का असतो, बारा, सोळा, अठरा. अठराच्या वरचे खेळ भिंती घालून झाकलेले, आणि पट्टी नसेल तर आत प्रवेश नाही. टेबलामागच्या बाईंनी त्याचं कार्ड हातात घेऊन जन्मसाल दोनदा बघितलं, लाल पट्टी त्याच्या मनगटाभोवती घेतली, एक बोट आत घालून घट्ट-सैल पारखलं आणि टोक चिकटवलं. पट्टी अशी, की कापल्याशिवाय निघत नाही.

मग रांग. त्याला 'लाइज ऑफ पी' खेळायचा होता. कोरियातल्या मंडळींनी पिनोकिओच्या गोष्टीला घेऊन केलेला काळाकुट्ट मारामारीचा खेळ. यंदा त्याला इथं तीन पुरस्कार मिळाले, त्यामुळं शेपूट आणखी वाढलेलं. रांगेत एके ठिकाणी पाटी होती, 'इथून तीन तास'. आम्ही पाटीच्याही मागं.

"ताई, तू जा फिरून ये."

"आणि तू?"

"मी नंबर धरतो."

नंबर धरणं! हा शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. नवरात्रात कोल्हापूरला अंबाबाईच्या रांगेत आईनं आम्हाला असंच उभं केलेलं आठवलं, आणि मग मी गेलेच नाही. इथंही अगदी तसंच. ज्यांना वेळ नाही ते बाहेरच्या मोठ्या पडद्यावर दुसऱ्याचा खेळ बघून पुढं जातात, म्हणजे मुखदर्शन. गाभाऱ्यात जायचं तर बारीतूनच. लोक तयारीनं आलेले. पुठ्ठ्याचे घडीचे स्टूल, फोनच्या जाडजूड बॅटऱ्या, पावाचे डबे. आमच्या पुढं पाठीला पंख लावलेली एक मुलगी होती, ती वळली की मागच्या चौघांना खाली वाकावं लागे. मागं एक जर्मन बाप आणि त्याचा अठरा नुकते पूर्ण झालेला मुलगा. दुसऱ्या तासाला भावानं पाठपिशवीतून भडंगाची पुडी काढली. जयसिंगपूरचं, आईनं पाठवलेलं. पंखवालीनं मूठभर घेतलं, आणखी मागितलं. बापानं लसणाची पाकळी समजून तळलेली मिरची चावली आणि त्याला जो ठसका लागला, तो पाण्याची बाटली संपेपर्यंत थांबेना. मुलगा खुदुखुदु हसत होता. घरी बसून हाच गेम बघितला असता तर भडंग मी एकटीनं संपवलं असतं.

आत गेल्यावर खेळायला पंचवीसेक मिनिटं. बाहेर आला तो घामेघूम, डोळे चमकतायत. "सात वेळा मेलो, ताई!"

दुपारनंतर जुन्या यंत्रांच्या कोपऱ्यात गेलो. खरं तर मला सगळ्यांत आवडली ती हीच जागा. कमोडोर ६४, जाड काचेचे टीव्ही, आणि मागं बसलेले पिकल्या मिशांचे स्वयंसेवक. मिरजेत आमच्याकडं शेजाऱ्यांचा टीव्ही गेम होता, पिवळी कॅसेट, वर लिहिलेलं ९९९९ खेळ, आत खरे सातच. इथं एक कॅसेट हातात आली आणि हात आपोआप तोंडाकडं गेला, फुंकर मारायला. आजोबा ओरडलेच. थुंकीनं आतल्या धातूच्या पट्ट्या गंजतात म्हणाले. त्यांनी खिशातून कापसाची काडी काढली, स्पिरिटच्या बाटलीत बुडवली आणि एकेक पट्टी अशी हलक्या हातानं पुसली, की आमच्या मिरजेतला तंबोऱ्याचा कारागीर आठवावा. मग कॅसेट बसवली. चालू झाली नाही. त्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि हळूच एक फुंकर मारली.

तिथून दोन पावलांवर नवख्यांची टेबलं. दोघाचौघांनी मिळून केलेले गेम, ज्यानं केला तोच समोर उभा. एकाला भारताचं कळलं तर त्यानं लगेच 'राजी'चं नाव घेतलं. २०२० साली आलेला तो गेम आमच्या पुण्याचा, नॉडिंग हेड्स नावाच्या स्टुडिओचा. भावानं अशी छाती फुगवली, जणू त्यानंच केलाय.

संध्याकाळी होहेनत्सोलर्न पुलावरून चालत पलीकडं गेलो. पुलाच्या जाळीला प्रेमिकांनी लावलेली कुलपं इतकी, की भंगारवाल्याचे डोळे दिपावेत. समोर १५७ मीटर उंच कॅथेड्रल. जुन्या बिअरखान्यात भावानं क्योल्श मागवली. पाव लिटरपेक्षाही छोटा ग्लास, आणि तो संपला की वाढपी न विचारता दुसरा ठेवतो, ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं रेघ मारतो. थांबायचं असेल तर पुठ्ठा ग्लासावर झाकायचा. हे मला माहीत होतं. त्याला मी चौथ्या रेघेला सांगितलं.

रविवारी जत्रा उठली. आयोजकांनी आकडा दिला २ लाख ६५ हजारांचा, शंभराहून जास्त देशांतून आलेल्या माणसांचा. २०१९ पेक्षा लाखभर कमी, तरी गल्ल्यांतून चालताना मला तसं मुळीच वाटलं नव्हतं. हॉलमध्ये मास्क लावलेले फारच थोडे होते, आणि मीही दुसऱ्या दिवशीच काढून ठेवला होता.

सोमवारी घसा धरला. चाचणीची पट्टी ठेवली, पंधरा मिनिटांत दोन रेघा. भावाला कळवलं, तर त्यानं फोटोच पाठवला, त्याच्याही दोन. संध्याकाळी आईनं दोघांना एकत्र व्हिडिओ कॉल लावला. हळदीचं दूध घेतलं का, वाफ घेतली का, सगळं झालं. मग तिची नजर त्याच्या मनगटावर गेली. पट्टी त्यानं अजून कापलेलीच नव्हती.

"हे लाल काय बांधलंयस रे? कुठल्या देवाचा गंडा?"

भावानं माझ्याकडं बघितलं, मी दुधाच्या पेल्यात बघितलं.

"कोलोनचा," तो म्हणाला. "तीन तास बारीत उभा होतो."

"बरं केलंस," आई म्हणाली. "आता काढू नकोस, आपोआप गळू दे."

गळणार नाही हे तिला कुणीच सांगितलं नाही.