बुधगुप्ताच्या पुडीतला तोरमाण

नाण्याच्या पुडीवर लिहिलं होतं, ‘बुधगुप्त, चांदी, मोर’. बुधगुप्त म्हणजे पाचव्या शतकातला गुप्त सम्राट. वजन २ ग्रॅमच्या आसपास, मागे पिसारा फुलवलेला मोर. बहुतेक जण इथेच थांबतात आणि नाणं गुप्तांच्या खात्यात जमा होतं. त्यातून कुणीतरी ते लिंबाने घासलेलं. चांदी अशी कधीही घासू नका. पुसट अक्षरांच्या उरल्यासुरल्या कडाही जातात.

भिंगाखाली उलटंसुलटं करताना मुखवट्यावर हात थांबला. राजा डावीकडे बघत होता. गुप्तांच्या चांदीच्या नाण्यांवर तो सहसा उजवीकडे बघतो.

आता ब्राह्मीतला लेख वाचणं आलं. टॉर्च वरून न धरता बाजूने, जवळजवळ आडवा धरायचा आणि नाणं हळूहळू फिरवायचं. उठावाची सावली पडली की अक्षर दिसतं. अडचण अशी की चकती ठशापेक्षा लहान, त्यामुळे वरच्या मात्रा कडेबाहेर जातात. शिवाय ‘विजितावनिरवनिपति’ (पृथ्वी जिंकलेला राजा) आणि ‘दिवं जयति’ (स्वर्ग जिंकतो) हे शब्द बुधगुप्ताच्या नाण्यावरही आहेत. फरक फक्त नावात. चौकोनी ‘ब’ आणि खाली उकार असेल तर बुधगुप्त. इथे कमानीसारखे दोन पाय फाकलेला ‘त’ होता, पुढे ‘र’ची उभी रेघ. तोरमाण, हूणांचा राजा!

मध्य प्रदेशातल्या एरणला हेच दगडात दिसतं. गुप्त संवत १६५च्या, म्हणजे इ.स. ४८४च्या स्तंभलेखात मातृविष्णू आणि धन्यविष्णू हे भाऊ बुधगुप्ताचं राज्य सांगतात. पुढे थोरला वारला आणि धन्यविष्णूने वराहमूर्तीवर लेख कोरवला, तो ‘महाराजाधिराज श्री तोरमाण’ याच्या पहिल्या वर्षाचा. माणसं तीच, टाकसाळीची धाटणी तीच, वरचा राजा बदलला.

आणि ‘हूण’ हा शब्द? तो ना या नाण्यावर आहे, ना वराहावर. मंदसौरकडच्या रिस्थल शिलालेखात, इ.स. ५१५ मध्ये, तोरमाणाला हरवणाऱ्या राजा प्रकाशधर्म्याच्या बाजूने त्याला ‘हूणाधिप’ म्हटलंय. गांधाराकडच्या या हूणांच्या आधीच्या नाण्यांवर ग्रीक वळणाच्या बाख्त्री लिपीत ‘अल्खोनो’, म्हणजे अल्खान, असं येतं. सुरुवातीच्या काहींवर तर इराणच्या सासानी राजा शापूरचा मुखवटा तसाच ठेवून शेजारी हा शब्द कोरलाय. म्हणून नुसत्या धाटणीवरून वंश ठरवणं मला धोक्याचं वाटतं.

नोंद केली: ‘तोरमाण, अल्खान हूण, गुप्त धाटणी, मुख डावीकडे’. जुनी पुडी फेकली नाही, नाण्यासोबतच ठेवली.