विहीर आणि टँकरच्या मधला बाण

आष्टी तालुक्यातल्या एका गावात पाणलोटाच्या कामाचं मूल्यमापन करायला गेलो होतो. फाट्यावर तमिळनाडू पासिंगची बोअरची गाडी उभी होती. तिला वळसा घालून आमची जीप गावात शिरली. तेव्हा त्या गाडीचं काही विशेष वाटलं नाही.

मारुतीच्या देवळात ब्राऊन पेपर पसरला. त्यावर लॉजिक मॉडेल, म्हणजे खर्चापासून परिणामापर्यंतची बाणांची साखळी. मीच पाच वर्षांपूर्वी आखलेली. डावीकडे निधी, माणसं, श्रमदान. पुढे सलग समतल चर, गॅबियन (तारेच्या जाळीतले दगडी बांध), माती नालाबांध. मग विहिरींची पातळी. आणि पार उजवीकडे 'उन्हाळ्यात टँकर बंद'. प्रत्येक बाण 'असं झालं तर तसं होईल' असा वाचायचा. आखताना मात्र उजवीकडून डावीकडे यायचं, हे मी दर प्रशिक्षणात सांगतो. आम्ही स्वतः डावीकडूनच निघालो होतो, कारण पैसे चरांसाठीच मंजूर होते.

कामं चोख होती. बांध शाबूत, आणि नोंदवहीत विहिरींची दिवाळीतली पातळी दरवर्षी चढती. मी खूश.

"अन् टँकर?" मी विचारलं.

"मार्चपास्नं येतोय की," कोपऱ्यातून एक आजी म्हणाल्या.

पाऊस कमी झाला असेल, मी म्हणालो. ही आमची ठरलेली पळवाट. आजी उठल्या, पदर खोचला आणि पेपरापाशी येऊन बसल्या. अक्षरओळख नव्हती, पण लोकांना कळावं म्हणून आम्ही विहिरीला निळा गोल आणि टँकरचं चित्र काढलेलं होतं. त्या दोहोंच्या मधल्या बाणावर त्यांनी बोट टेकवलं.

"हितं बोअर हायेत. पानी वाढलं म्हनून माझ्याच पोरानं दोन घेतले. ऊस लावलाय."

पोरगा देवळाच्या दारात उभा होता. चपलेनं माती उकरत राहिला.

मी तालुक्यातल्या ऑफिसात फोन करून मूळ प्रस्तावातला लॉगफ्रेमचा, म्हणजे हीच साखळी रकान्यांत मांडणारा, तक्ता वाचून घेतला. १९६९ साली यूएसएआयडी या अमेरिकेच्या परदेशी मदत संस्थेसाठी हा तक्ता बनला, तेव्हापासून त्यात शेवटचा रकाना गृहीतकांचा असतो, म्हणजे बाण खरे ठरायला आणखी काय घडावं लागेल त्याचा. आमच्या रकान्यात एकच ओळ होती: 'ग्रामस्थांचे सहकार्य मिळेल.' आधीच्या प्रस्तावातून जशीच्या तशी उचललेली. शेजारच्या जिल्ह्यात हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर आणि ऊस, दोन्ही बंद केले. पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिकं ठरवतात. तिथे मी पाहुण्यांना घेऊन कितीदा गेलोय! तरी बोअरचा 'ब' कागदावर आला नव्हता.

लाल स्केचपेननं बाणावर चौकोन काढला. मार्चमध्ये चालू बोअर किती, उसाखाली एकर किती, हे दोन निर्देशक लोकांनीच सांगितले. बोअरवर बंदी घालायची का, यावर मात्र दिवेलागणीपर्यंत भांडण चाललं आणि ते ग्रामसभेवर ढकललं गेलं.

अहवाल पाठवल्यावर देणगीदारांकडून मेल आला: हा लाल चौकोन कुठल्या बजेट हेडखाली धरायचा? उत्तर लिहायला मला दोन दिवस लागले.