वाटणीमुळे रोम बुडाले का?

मी इतिहास शिकवतो हे कळले की अनेक जण विचारतात, "इ.स. 395 मध्ये साम्राज्याची वाटणी झाली नसती, तर रोम टिकले असते का?" तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझ्या मते पश्चिमेचा घात वाटणीने झाला नाही, उत्तर आफ्रिका हातची गेल्याने झाला.

सम्राट थिओडोसियसच्या मृत्यूनंतर पूर्व त्याच्या थोरल्या मुलाकडे, आर्केडियसकडे, आणि पश्चिम धाकट्या होनोरियसकडे गेली हे खरे. परंतु कारभार वाटून घेण्याची रीत सम्राट डायोक्लेशनने शतकभर आधीच रूढ केली होती, आणि 395 नंतरही कायदे दोन्ही सम्राटांच्या नावानेच निघत राहिले. बाल्कन भागातील इलिरिकम प्रांतावरून दोन्ही दरबारांत वैर धुमसले आणि त्याचा लाभ गॉथ टोळ्यांचा नायक अलारिक याने उठवला, एवढा दोष मात्र वाटणीच्या पदरी घालावा लागेल.

रोमचे बळ सैन्यात होते आणि सैन्य जमीनमहसुलावर पोसले जात असे. 406 च्या अखेरीस व्हँडल, अलान आणि सुएबी टोळ्या ऱ्हाइन ओलांडून आल्या, तेव्हापासून गॉल (आजचा फ्रान्स) आणि स्पेनचा वसूल आटत गेला. तरीही आफ्रिकेचे धान्य, तेल आणि कर इटलीला मिळत होते. 439 मध्ये व्हँडलांचा राजा गैसेरिक याने उत्तर आफ्रिकेतील मुख्य शहर कार्थेज घेतले आणि तोही आधार तुटला. पुढच्या पाच-सहा वर्षांत पश्चिमेचा सम्राट तिसरा व्हॅलेंटिनियन याला विक्रीवर एक चोविसांश कर बसवावा लागला आणि सैनिकांच्या अन्नवस्त्रापुरताही पैसा उरलेला नाही, अशी कबुली कायद्यातच द्यावी लागली. पगार थकलेले सैन्य सीमा कशी राखणार?

या साऱ्या कथेत मला पश्चिमेचा शेवट मानल्या जाणाऱ्या 476 पेक्षा 468 हे वर्ष अधिक दुःखद वाटते. त्या वर्षी पूर्वेचा सम्राट लिओ याने प्रचंड खर्च करून, पश्चिमेला सोबत घेऊन, आफ्रिका परत मिळवण्यासाठी आरमार धाडले. सेनापती बॅसिलिस्कस कार्थेजजवळ थबकला आणि गैसेरिकने पेटती जहाजे सोडून त्या आरमाराच्या मोठ्या भागाची राख केली. पूर्वेने पश्चिमेला वाऱ्यावर सोडले, हा आरोप म्हणूनच मला मान्य नाही. आठ वर्षांनी इटलीतील भाडोत्री सैनिकांनी जमिनी मागितल्या, त्या नाकारल्या गेल्या आणि त्यांचा नायक ओडोएकर याने पश्चिमेचा सम्राट रोम्युलस ऑगस्ट्युलस याला पदच्युत केले. पूर्वेकडे इजिप्त आणि सीरियाचा महसूल तेव्हाही अखंड येत होता; त्यामुळे तेथील सैन्याचे पगार चालू राहिले आणि कॉन्स्टँटिनोपलचे राज्य पुढे 1453 पर्यंत नांदले.