चार बोटांची अरबी

‘अरबीत उंटाला हजार शब्द आहेत’ असे ठोकून देणारा कोणी भेटला, की त्याला एवढेच विचारावे: उंटाच्या चालीचे चार शब्द चढत्या वेगाने सांगा. आपल्या शाळेत संस्कृतऐवजी अरबी घेतलेल्या मुलांना ते सांगता येत: अनक, तजय्युद, जमील, रसीम. अनक ही लांब टांगांची, एकसारखी चाल. तिच्यावर थोडा वेग चढला की तजय्युद, आणखी चढला की जमील, त्याच्यावर रसीम. पावले आखूड पण भराभर पडू लागली की हफ्द. चारही पाय झोकून उंट सुटला की इर्तिबाअ. हजाराचा आकडा सोडा; ही सहा पायऱ्यांची मोजपट्टी आहे.

वर्गात हे शिकवले जाई ते बाकावर चार बोटे टेकवून. सरांच्या उजव्या हाताची दोन बोटे म्हणजे उजवीकडचे पुढचा आणि मागचा पाय, डाव्या हाताची दोन म्हणजे डावीकडचे. अर्थ पाठ करण्याआधी बोटे चालवायची. घोड्याचे शब्द तर याशिवाय कळतच नाहीत, कारण तिथे वेगापेक्षा कोणता पाय कोणाबरोबर उचलला जातो हे महत्त्वाचे.

तक्रीबमध्ये पुढचे दोन्ही पाय एकत्र उचलून एकत्र टेकवले जातात. जब्रमध्ये घोडा पाय गोळा करून उडी घेतो. हम्लजामध्ये पावले जवळजवळ पडतात पण वेग असतो, आणि स्वार हलत नाही. हा शब्द मूळचा फारसी. अनक घोड्यालाही आहे, तिथे पावलांतले अंतर वाढते. इर्खा ही सैल सोडलेली धाव. तिच्या मूळ धातूत ढिलेपणाच आहे. इहजार म्हणजे भरधाव.

घोटाळा होतो तो खबबपाशी. शब्दकोश त्याच्या दोन व्याख्या देतात. एकीप्रमाणे घोडा उजवे दोन्ही पाय एकदम टाकतो, मग डावे दोन्ही. उंट स्वभावतःच असा चालतो. दुसरीप्रमाणे पाय आलटूनपालटून पडतात. भाषांतरकार खुशाल ‘दुडकी’ लिहून मोकळे होतात. पण दुडकीत तिरपी जोडी पडते, उजवा पुढचा आणि डावा मागचा. पहिली व्याख्या धरली तर खबब ही दुडकी नव्हेच. माझ्या मते अशा ठिकाणी खबब तसाच ठेवून एका ओळीत पाय सांगावेत. ‘अबलख’, ‘रिकीब’ हे अरबी शब्द मराठीने पचवले आहेत, खबबही पचेल.

सहाव्या शतकातला अरबी कवी इम्रुल कैस याने आपल्या घोड्याचे वर्णन एकाच बैतात (दोन चरणांच्या कडव्यात) चार प्राण्यांवरून केले आहे: कुशी हरिणाच्या, पाय शहामृगाचे, इर्खा लांडग्याची, तक्रीब कोल्ह्याच्या पिलाची. इर्खा आणि तक्रीब यांतला फरक बोटांनी केलेला नसेल तर हा बैत नुसती उपमांची माळ वाटतो. केलेला असेल तर तो घोड्याच्या पारख्याने दिलेला दाखला आहे.

सगळ्यात चटकन पाठ होणारी यादी नीशापूरच्या सआलिबीची (961–1038), ‘फिक्हुल्लुगा’ या त्याच्या ग्रंथातली. सआलिबी हे नाव कोल्ह्याच्या कातड्यांच्या धंद्यावरून पडलेले. त्याच्याकडे रांगते-चालते मूल ‘दरज’ करते, तरुण ‘खतर’, म्हातारा ‘दलफ’. घोडा ‘जरा’, उंट ‘सार’, नर शहामृग ‘हदज’. कावळा ‘हजल’, चिमणी ‘नकज’, साप ‘इन्साब’, विंचू ‘दब्ब’. हजल म्हणजे पायात बेडी असल्यासारखे टुणकन उडणे. त्याच धातूचा ‘हिज्ल’ म्हणजे पैंजण किंवा बेडी. कावळा अंगणात कसा चालतो ते आठवा. मात्र ही यादी कायदा म्हणून वाचू नये. हदज थरथरत्या म्हाताऱ्यालाही लागतो, आणि कुराणाच्या 24व्या सूरेतल्या 45व्या आयतीत पोटावर सरकणारे, दोन पायांचे आणि चार पायांचे, सगळे एकाच ‘मशा’ क्रियापदावर चालतात. यादी नेमकेपणाची आहे, मक्तेदारीची नाही.

हे शब्द माणसांकडेही आले आहेत. हजला जाऊन आलेल्यांना दोन तरी ठाऊक असतात: मक्केतल्या सफा आणि मरवा या टेकड्यांमधल्या सात फेऱ्यांची सई, आणि काब्याभोवतीच्या सात प्रदक्षिणांपैकी पहिल्या तीन पुरुषांनी जवळजवळ पावले टाकत झपाट्याने करायच्या, तो रमल. छंदशास्त्रातही तेच. रमल आणि खबब ही वृत्तांची नावे आहेत. रजज या वृत्ताचे नाव उठताना उंटाच्या मांड्या थरथरवणाऱ्या दुखण्यावरून आल्याचे कोशकार सांगतात.

आता पाठांतराची युक्ती. अरबीत धातूची अक्षरे ठरावीक साच्यात बसवून शब्द घडतात. ‘फअलान’ या साच्यातला शब्द दिसला की हालचालीत थरथर किंवा उसळ आहे असे समजावे: लांडग्याचे अंग हलवत पळणे ते असलान, उडी मारणे नजवान, हृदयाची धडधड खफकान. ‘फईल’ साचा चाल आणि आवाज दोन्हींना चालतो: जमील, रसीम, दबीब एकीकडे, घोड्याचे खिंकाळणे ‘सहील’ दुसरीकडे. साचे दोन आले की निम्मे शब्द अंदाजाने लागतात. देवनागरी मात्र इथे दगा देते. उंटाच्या जमीलमध्ये ‘जाल’ हे अक्षर आहे, सुंदर या अर्थाच्या जमीलमध्ये ‘जीम’. वहीत मराठीत लिहून ठेवणाऱ्याने शेजारी अरबी अक्षर लिहिलेच पाहिजे, नाहीतर परीक्षेत सुंदर उंट धावतो.

कोशात शोधताना आधी उपसर्ग काढावेत. तक्रीबचा धातू क-र-ब, इहजारचा ह-ज-र. 1290 साली पुरा झालेला ‘लिसानुल अरब’ हा शब्दकोश मुळात धातूच्या शेवटच्या अक्षराने, आणि त्यात मग पहिल्या अक्षराने लावलेला आहे. म्हणून तक्रीब ‘बा’च्या प्रकरणात ‘काफ’खाली, असलान ‘लाम’च्या प्रकरणात ‘ऐन’खाली, हम्लजा चार अक्षरी धातू म्हणून ‘जीम’मध्ये ‘हा’खाली. मुले अडतात ती इर्खापाशी: तिथे शेवटचे अक्षर ‘वाव’, पण शब्दात ते दिसत नाही, आणि प्रकरण थेट ग्रंथाच्या टोकाला. विषयवार हवे असेल तर स्पेनमधल्या मुर्सियाच्या अंध इब्न सीदाचा (मृत्यू 1066) ‘मुखस्सस’ हा कोश बरा. त्यात घोडे आणि उंट यांचे वेगळे भागच आहेत. शाळेच्या ग्रंथालयासाठी ‘लिसान’ घ्यायचा झाला, तर कैरोच्या दारुल मआरिफची, पहिल्या अक्षराच्या क्रमाने लावलेली आवृत्ती मागवावी. आठवीच्या मुलांना तीच झेपेल.