चकली, कूलर आणि आजीचा पाटा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे भाजून काढणारे नऊ दिवस, लागायला अजून दोन दिवस होते, पण नागपूरच्या उन्हाला तेवढा धीर नव्हता. दुपारी साडेबारालाच पारा ४५च्या घरात. अशा दिवसांत माझ्या दवाखान्यात येतात ते धापा टाकणारे पग, पाणी सोडलेली मांजरं आणि उन्हानं घरट्यातून खाली पडलेली पिल्लं. त्या दिवशी शेवटच्या नंबरला इंजिनीअरिंगचा एक पोट्टा आला. हातात भाजीचं क्रेट, क्रेटमध्ये गाठ मारलेली उशीची खोळ. खोळीवर गुलाब भरलेले.

"म्याडम, आत चकली आहे."

कंपाउंडर क्रेट घ्यायला पुढं झाला होता, तो तसाच दोन पावलं मागं आला. खोळ हलताना त्याला दिसली होती.

चकली म्हणजे बॉल पायथन. घाना, टोगो, बेनिन या पश्चिम आफ्रिकेच्या पट्ट्यातला छोटा अजगर. भ्याला की डोकं आत घेऊन अंगाचं वेटोळं घट्ट आवळतो, तपकिरी, खमंग दिसणारं. नाव अगदी बरोबर ठेवलं होतं. (तपासताना चकली नर निघाला. नाव बदलायची कुणाची तयारी नव्हती, माझीही नाही.) मी आधी कागद मागितला. नाग, धामण, आपला अजगर हे घरात ठेवता येत नाहीत, ते १९७२च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. आणि अशा परदेशी जातींची २०२४च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. पोट्ट्यानं मोबाइल काढून नोंद दाखवली. बरं वाटलं. मग खोळीची गाठ सोडली.

अंगावर जुन्या भिंतीच्या रंगासारखे पोपडे. मानेपाशी कात सुटून गोळा झालेली, पाठीवर चिकटलेली, पोटाकडे पट्ट्यापट्ट्यांनी लोंबणारी. वरून सगळं तेलकट. "कुणीतरी खोबरेल तेल सांगितलं," तो म्हणाला. तेलानं साप चकचकीत होतो, कात काही भिजत नाही. कातीला पाणी लागतं.

निरोगी साप कात टाकतो तेव्हा कुणाला कळतही नाही. आधी रंग मळतो, पोट गुलाबीसर होतं, मग डोळे निळसर दुधाळ होतात, कारण जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव साठतो. त्या दिवसांत सापाला नीट दिसत नाही, तो खात नाही आणि जास्त फुसफुसतो. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. साप बरा झाला असं वाटावं, आणि त्यानंतर चार-सहा दिवसांत तो ओठ कशावर तरी घासतो, तोंडापाशी कात सोडवतो आणि तिच्यातून पुढं सरकत जातो. पायातला मोजा उलटा काढावा तशी अख्खी कात मागं राहते, डोळ्यांवरच्या दोन पारदर्शक चकत्यांसकट.

या चकत्यांचंच मला पहिल्यांदा बघायचं होतं. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर तोही बदलतो. पोट्ट्यानं निघालेले तुकडे पिशवीत आणले होते, हे त्याचं शहाणपण. डोक्याचा तुकडा शोधून उजेडात धरला. उजवी चकती होती, काचेच्या टिकलीएवढी. डाव्या जागी नुसतं भोक. भिंग लावून चकलीचा डावा डोळा पाहिला, तर त्यावर सुरकुतलेला पापुद्रा, गार दुधावरच्या सायीसारखा. कडेला दोन रेषा दिसत होत्या, म्हणजे गेल्या खेपेचीही चकती अडकलेली.

"याला काही केलंस का?"

तो गप्प. मग म्हणाला, "चिकटपट्टी लावून ओढायचा प्रयत्न केला. एकदाच."

मी त्याच्यावर भडकले, जरा जास्तच भडकले. त्याचं कारण त्याला माहीत नव्हतं. शिकत असताना एका ठिकाणी अशीच एक धामण आली होती. अडकलेली चकती मी चिमट्यानं धरली. सुटली, अगदी सहज सुटली, आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी डोळा पांढरा, चौथ्या दिवशी सुजलेला. मी जुन्या चकतीबरोबर खालची नवीनही उचकटली होती. धामणीचा तो डोळा गेला. त्यानंतर आजपर्यंत सापाच्या डोळ्याला मी चिमटा लावलेला नाही.

शेपटीचं मात्र थांबण्यासारखं नव्हतं. टोकाशी जुन्या कातीची तीन वळी एकावर एक सुकून आवळली होती. बोटाला दोरा गुंडाळावा तसं. शेवटचा दोन सेंटिमीटर भाग काळा-निळा पडायला लागला होता. असंच राहिलं असतं तर रक्त बंद होऊन टोक सडलं असतं.

टबात पाणी घेतलं, कोमट, ३० अंश, थर्मामीटर लावून. उंची चकलीच्या अर्ध्या जाडीएवढी. भोकांचं झाकण लावलं आणि मी शेजारी स्टूल टाकून बसले. पाण्यात ठेवलेल्या सापाला सोडून चहाला जायचं नसतं. पहिली दहा मिनिटं चकली चकलीच राहिली. मग एक वेढा सैल झाला, डोकं बाहेर आलं, जीभ झाकणाला लागली. तोवर कंपाउंडरही दारातून आत आला होता.

अर्ध्या तासानं ओला टॉवेल दोन्ही हातांत सैल धरला आणि चकलीला त्यातून जाऊ दिलं. ओढायचं काहीच नाही, हात नुसते बोगद्यासारखे ठेवायचे. साप पुढं जायचा जोर लावतो आणि त्याचीच कात टॉवेलाला अडकून मागं राहते. तिसऱ्या फेरीत पाठीवरचा मोठा पापुद्रा सुटला. खालची नक्षी अशी वर आली की पोट्टा "अबे!" म्हणाला आणि लगेच "सॉरी म्याडम". शेपटीची वळी मात्र हट्टी. ओल्या कापसात पंधरा मिनिटं गुंडाळून ठेवली, मग अंगठ्याच्या पेरानं टोकाच्या दिशेनं हलकेच लोटत नेली. एक सुटलं. पुन्हा कापूस. दुसरं, तिसरं. शेवटचं निघालं तेव्हा घड्याळात तीन वाजले होते आणि माझा डबा गार झाला होता.

डोळ्यात फक्त ओलावा धरणारं जेल घातलं.

"पण ते निघालं नाही," तो म्हणाला.

"पुढच्या कातीला निघेल. तोवर हात लावायचा नाही."

आता मूळ प्रश्न. ठेवतोस कुठं? मोठ्या अभिमानानं उत्तर आलं: एसीच्या खोलीत, २४वर, वरून ऊब द्यायला दिवा. म्हणजे एसीनं हवा सुकवायची आणि उरलासुरला ओलावा दिव्यानं घालवायचा. या अजगराला हवेत ६० टक्क्यांच्या आसपास ओलावा लागतो, कात टाकायच्या दिवसांत आणखी जास्त. आणि आपल्या मे महिन्याची दुपार बाहेरच जेमतेम २० टक्क्यांवर असते.

"आणि गेल्या उन्हाळ्यात?"

"तेव्हा आजीच्या खोलीत होती. कूलर आहे तिथं. एकदम अख्खी कात टाकायची, म्याडम! यंदा आजीनं बाहेर काढलं."

मला हसू आलं. वाळ्याच्या ताट्यांतून पाणी झिरपणारा तो खडखडाट करणारा कूलर, आणि त्यानं आलेला दमटपणा ज्याला अख्खं नागपूर शिव्या घालतं. चकलीला नेमका तोच हवा होता. मी आजीलाच फोन लावायला सांगितलं.

"काऊन, त्या सापासंग मी एका खोलीत झोपू का?" आजींनी सुरुवातच तिथून केली. "फ्रिजमध्ये त्याचे उंदीर ठेवून राहिला हा पोट्टा. आता खोलीबी त्याची का?"

एसीत तुम्ही जाल का, असं विचारलं, तर गुडघे धरतात म्हणे. झाकण पक्कं असतं, तो विषारी नाही, चार वेढे घेऊन कोपऱ्यात पडून राहतो, असं सगळं सांगून झालं. आजी ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "झाकणावर पाटा ठेवीन मी. वरवंट्यासकट."

झाकणाची जाळी बाजूला आहे, वजन चालेल, असं पोट्ट्यानं खुणेनं सांगितलं. मी मंजुरी दिली. कागदावर लिहिलं: कूलरची खोली, हवेचा झोत थेट अंगावर नको; दिवा काढून एका टोकाला थर्मोस्टॅटची ऊब, ३१-३२ अंश; आर्द्रता मोजायला छोटा मीटर; आत भोक पाडलेला प्लास्टिकचा डबा, त्यात ओलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा); डोळे दुधाळ झाले की खाणं बंद, हाताळणं बंद. खाली मोठ्या अक्षरांत: चिकटपट्टी नाही.

शेपटीचं अगदी टोक, दोन-तीन मिलिमीटर, पुढच्या आठवड्यात वाळून गळालं. तेवढं वाचवता आलं नाही.

जूनच्या शेवटी, पाऊस सुरू झाल्यावर, तो पुन्हा आला. या वेळी साप नव्हता, वर्तमानपत्रात गुंडाळलेली कात होती. टेबलावर उलगडली तर टेबल पुरेना, कारण कात ताणली जाते आणि सापापेक्षा लांब भरते. मी सरळ डोक्याकडे गेले. उजवी चकती स्वच्छ. डावी जाडसर, किंचित धुरकट. सुईच्या टोकानं कड उचलली तर एकाखाली एक अशा तीन. त्यानं मोबाइलवर चकलीच्या डाव्या डोळ्याचा फोटो दाखवला. डोळा काळा, लखलखीत, आणि त्यात खिडकी दिसत होती.

"आजी विचारत होती, ही कात तिजोरीत ठेवली तर चालते का."

"आधी नीट वाळव म्हणावं. आणि पाटा?"

"आहे अजून झाकणावर. कूलर बंद झाला, तरी काढू देत नाही. पण दुपारी मी नसलो की थोडा सरकवून आत बघते, म्हणून आईनं सांगितलं."